ते पित्तच असेल असं नाही

पिंपळनेरकडे कांदालागवडीच्या धांदलीत एखाद्या बाईच्या छातीवर दडपण आलं, दरदरून घाम फुटला, की घरातलं निदान ठरलेलं: ‘पित्त व्हयेल शे.’ सोडा प्यायचा, घटकाभर आडवं व्हायचं. हेच घरच्या पुरुषाला झालं तर लगेच गाडी काढतात. हार्ट अटॅक पुरुषांना येतो, या समजुतीची किंमत बायका अशी मोजतात.

खरं तर जगभर बायकांचे सर्वांत जास्त मृत्यू हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनीच होतात. बायकांना पहिला झटका पुरुषांपेक्षा साधारण ९ वर्षं उशिरा येतो, हे ५२ देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात २००४ साली दिसलं. पण उशिरा म्हणजे कधीच नाही असं नव्हे. मधुमेह असलेल्या बाईला तर ही सवलतही फारशी उरत नाही.

हल्ली याच्या उलट टोकाचंही ऐकू येतं: बायकांना म्हणे छातीत दुखतच नाही. दुखतं. छातीतलं दुखणं किंवा दडपण हेच त्यांच्यातही मुख्य लक्षण. मात्र सोबत दम लागणं, मळमळ, जबड्यात किंवा पाठीत कळ, एकाएकी गळून जाणं हे पुरुषांपेक्षा जास्त आढळतं. आणि मग सगळा दोष पित्ताच्या नाहीतर थकव्याच्या माथी जातो.

‘दिवसभर निंदणी करणारीला कसला हृदयविकार?’ कष्टाचा फायदा आहेच. पण वाढलेलं बीपी निंदणीने कळत नाही, आणि दातांना लावलेली मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. बिडी न ओढणारी बाई स्वतःला तंबाखूपासून लांब समजते, ते म्हणूनच चुकीचं. चुलीचा धूरही हृदयाला बाधतो.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट बाळंतपणाची. गरोदरपणी बीपी वाढून लघवीतून प्रथिनं गेली असतील, तर बाळंतपणानंतर बीपी उतरलं तरी पुढे हृदयविकाराचा धोका सुमारे दुप्पट राहतो. मूल मोठं झालं की हे कुणाच्या लक्षातही राहत नाही. अशा बाईने दरवर्षी बीपी आणि साखर तपासावी, आणि पन्नाशीतही डॉक्टरांना ही जुनी हकिगत सांगावी. तिशीपुढच्या सगळ्यांचीच ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते.

पिंपळनेरहून साक्रीमार्गे धुळं गाठायला तासाहून जास्त लागतो. तेवढ्या वेळात रक्त न मिळालेला हृदयाचा स्नायू मरू लागतो. म्हणून १०८ ला फोन करावा किंवा ईसीजी निघेल असं जवळचं रुग्णालय गाठावं. पिंपळनेरात ग्रामीण रुग्णालय आहे. अँजिओप्लास्टी वेळेत होणार नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन काही झटक्यांत उपयोगी पडतं. ते पहिल्या काही तासांत सर्वांत चांगलं काम करतं, बारा तासांनंतर सहसा देत नाहीत. आणि पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून दुखत असताना घरी परतू नये. तो पुन्हा काढावा लागतो, रक्तातलं ट्रोपोनिनही काही तासांनी पुन्हा तपासतात.