काळी मुसळी : रानातून अंगणाच्या सावलीत

पहिला पाऊस स्थिरावला की पाटण, जावळी व शिराळा या तालुक्यांच्या पश्चिमेकडील रानांत, झाडांच्या सावलीत अगदी जमिनीलगत, सहा पाकळ्यांची पिवळी चांदणीसारखी फुले दिसू लागतात. पाने ताडाच्या कोवळ्या रोपासारखी; म्हणूनच तालपत्री, तालमूली ही संस्कृत नावे. हीच आपली काळी मुसळी, कुर्कुलिगो ऑर्किऑइडिस.

चिठ्ठीवर नुसते 'मुसळी' लिहिण्याची आपली सवय मात्र घातक आहे. काळी मुसळी मधुर-तिक्त, गुरू व उष्णवीर्य, तर सफेद मुसळी शीतवीर्य मानली जाते. दोन्ही वृष्य असल्या तरी पित्तप्रकृतीच्या रुग्णास एकीऐवजी दुसरी देणे युक्त नव्हे. काळीचा कंद एकटा, सरळ खाली जाणारा, बाहेरून काळपट तपकिरी व आत पांढरट असतो. सफेद मुसळीची मुळे झुबक्याने येतात व सोलून विकली जातात. चूर्ण झाल्यावर ही ओळख उरत नाही. तेव्हा औषधालयांनी शक्यतो अखंड कंद वा काप घ्यावेत आणि चूर्ण स्वतः करावे.

दुसरा प्रश्न माल येतो कोठून, हा. कंद खणला की वनस्पतीच संपते. या फुलाचा बीजकोश जमिनीत असतो, फळही तेथेच पिकते. त्यामुळे पावसाळ्यात खणणारा पुढची पिढीही उपटून नेतो. कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तेथून विनापरवाना कंद काढणे हा गुन्हा आहे. पण पोत्यावर रानाचे नाव लिहिलेले नसते. खरेदीदाराने विचारल्याशिवाय ते कळणार नाही.

सुदैवाने ही वनस्पती लावण्यास सोपी आहे. अंकुरासह सुमारे २ सें.मी.चा कंदाचा तुकडा पावसाच्या तोंडावर, आंब्याफणसाखाली, पालापाचोळा कुजलेल्या व पाणी न साचणाऱ्या मातीत लावावा. पानाचे टोक ओल्या मातीला टेकले की तेथेही रोप फुटते, ही तिची गंमत! साताऱ्याच्या पश्चिमेस पाऊसच पुरतो. सांगली, मिरजेकडे उघडीप पडल्यास पाणी द्यावे लागते. भर उन्हात पाने करपतात. औषधासाठी कंद दुसऱ्या वर्षानंतरच काढावा, धुऊन काप करून सावलीत वाळवावा. उन्हाळ्यात पाने वाळून जागा मोकळी दिसते, म्हणून तेथे खुणेची काटकी रोवून ठेवावी. नाहीतर आळे भुसभुशीत करताना कंदच कुदळीखाली येतो.