नाती लक्षात राहतात कशी?

जूनमध्ये नवा वर्ग हाती येतो. पहिले काही दिवस मुलांची नावे पाठ करण्यात जातात. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मात्र आपल्याला बरेच काही कळलेले असते. कोणाची कोणाशी गट्टी आहे, कोण कोणाचे ऐकतो, कोणाला कोणाशेजारी बसवू नये, हे सांगण्यासाठी वही उघडावी लागत नाही. हे ज्ञान कोणी शिकवलेले नसते. मग ते मेंदूत साठते कसे?

आधी या कामाचा आवाका पाहू. चाळीस मुलांच्या वर्गात नावे ४० असतात, पण दोघादोघांच्या जोड्या ४० × ३९ ÷ २, म्हणजे ७८० होतात. साठ मुलांच्या वर्गात त्या १७७० भरतात. मुले दीडपट झाली, तर जोड्या सव्वादोन पटींहून अधिक होतात. प्रत्येक जोडी वेगळी पाठ करणे जवळजवळ अशक्य आहे. तेव्हा मेंदूला पाठांतराखेरीज दुसरा काही मार्ग सापडलेला असला पाहिजे.

पाहिलेले आणि ताडलेले

डोरोथी चेनी आणि रॉबर्ट सेफार्थ यांनी केनियातील अंबोसेली येथे व्हर्वेट माकडांवर केलेला एक प्रयोग १९८० साली प्रसिद्ध झाला. त्यांनी झुडपात ध्वनिक्षेपक लपवला आणि एका पिल्लाच्या किंकाळीचे ध्वनिमुद्रण कळपातील माद्यांना ऐकवले. त्या पिल्लाची आई आवाजाच्या दिशेने पाहू लागली. जवळच्या इतर माद्यांनी मात्र वळून पाहिले ते त्या आईकडे! आपले पिल्लू कोणते, एवढेच त्यांना ठाऊक नव्हते. हा आवाज कोणाच्या पिल्लाचा, हेही त्यांना ठाऊक होते.

दुसरा प्रयोग माशांवरचा आहे. लोगन ग्रोसेनिक, ट्रिशिया क्लेमंट आणि रसेल फर्नाल्ड यांनी तो २००७ साली प्रसिद्ध केला. पाच नर माशांना आपण अ, ब, क, ड, इ म्हणू. एका प्रेक्षक माशाला चार लढती दाखवण्यात आल्या. अ ने ब ला हरवले, ब ने क ला, क ने ड ला आणि ड ने इ ला. नंतर त्याच्या एका बाजूला ब आणि दुसऱ्या बाजूला ड ठेवला. या दोघांची लढत त्याने पाहिलेली नव्हती. शिवाय दोघांच्याही नावावर एक विजय आणि एक पराभव होता, म्हणजे नुसते विजय मोजून उत्तर मिळणार नव्हते. तरीही प्रेक्षक मासा दुबळ्या ठरणाऱ्या ड च्या बाजूला अधिक वेळ राहिला. न पाहिलेले नाते त्याने पाहिलेल्या नात्यांवरून ताडले होते. मेंदूची युक्ती हीच आहे. मोजकी नाती पाहायची, ती एका मांडणीत बसवायची आणि उरलेली त्या मांडणीवरून काढायची.

मेंदूतील नकाशा

ही मांडणी मेंदूत कोठे होते? कानांच्या आतल्या बाजूस, मेंदूच्या दोन्ही अर्धांत हिप्पोकॅम्पस नावाचा वळलेला भाग असतो. समुद्रघोड्यासारखा दिसतो म्हणून त्याला हे नाव मिळाले. १९५३ साली अपस्मारावरील उपाय म्हणून हेन्री मोलेसन या रुग्णाच्या मेंदूतून या भागाचा बराचसा अंश काढण्यात आला. त्यानंतर त्याला नवी माणसे लक्षात ठेवता येईनाशी झाली. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याचा अनेक वर्षे अभ्यास केला, पण त्या दर भेटीत त्याला अनोळखीच वाटत. जुनी ओळखीची माणसे मात्र त्याला आठवत.

२०१४ साली फ्रेडरिक हिट्टी आणि स्टीव्हन सीगलबॉम यांनी आणखी नेमका पुरावा दिला. उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधील ‘सीए-२’ या छोट्या भागाचे काम त्यांनी बंद पाडले. त्या उंदरांना ओळखीचा आणि अनोळखी उंदीर यांत फरक करता येईना. जागेची त्यांची स्मृती मात्र शाबूत राहिली.

याच हिप्पोकॅम्पसमध्ये जॉन ओकीफ यांना १९७१ साली जागा ओळखणाऱ्या चेतापेशी सापडल्या होत्या. मग रस्त्यांचा नकाशा करणारा भाग नात्यांचाही नकाशा करतो का? २०१५ साली रीता तवारेस, डॅनिएला शिलर आणि त्यांचे सहकारी यांनी काही लोकांना एक खेळ दिला. नव्या गावात येऊन, तेथील माणसांशी बोलून, नोकरी आणि घर मिळवायचे. प्रत्येक पात्राशी असलेले नाते दोन अक्षांवर मोजले गेले. जवळीक किती हा एक अक्ष, तर अधिकार कोणाचा हा दुसरा. खेळाबरोबर नाती या आलेखावर जशी सरकत गेली, तसे हिप्पोकॅम्पसमधील कामही बदलत गेले.

येथे एक सावधगिरी हवी. माणसांवरील हा प्रयोग मेंदूतील रक्तप्रवाहाच्या मापनावर आधारलेला आहे. दोन गोष्टी बरोबरीने बदलतात, एवढेच त्यावरून दिसते. अमुक भागावाचून अमुक काम अडते, हे दाखवायला उंदरांवरील प्रयोगासारखा पुरावा लागतो. हा फरक विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावा.

वर्गासाठी

अशा तर्काला वेळ लागतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना आकृत्यांच्या क्रमवार जोड्या शिकवल्या. न शिकवलेल्या जोड्यांचा क्रम त्यांना वीस मिनिटांनंतर सांगता आला नाही. बारा तासांनंतर तो सांगता आला, आणि मधल्या काळात झोप झाली असेल तर सर्वांत लांबची जोडी अधिक चांगली जमली.

हे वर्गात करून पाहता येईल. पाच बहिणी कल्पा. गोदा सिंधूपेक्षा थोरली, सिंधू कृष्णेपेक्षा, कृष्णा भीमेपेक्षा आणि भीमा नीरेपेक्षा थोरली. ही चार वाक्ये वेगवेगळ्या कागदांवर लिहून, क्रम उलटसुलट करून मुलांना वाचायला द्या. काही वेळाने, आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी, विचारा की सिंधू थोरली की भीमा? उत्तर कसे काढले, हेही विचारा.

आणि वर्षाच्या मध्येच एखादे मूल नव्या शाळेत येते, तेव्हा आपण काय करतो? ते गप्प बसून इतरांकडे पाहत राहिले, तर आपण त्याला लगेच बुजरे ठरवतो. चाळीस जणांचा तयार नकाशा सगळ्यांपाशी असतो, त्याच्यापाशी मात्र कोरा कागद असतो. धड्याबरोबर तोही त्याला भरायचा आहे. पहिल्या दिवसांत त्याला एकदोन सोबती जोडून दिले, त्याची जागा सारखी बदलली नाही आणि थोडा अवधी दिला, तर हे काम त्याला सोपे जाईल.