पनवेलमधील गरम पाणी आणि वसूल न होणारा खर्च

थंड प्रदेशातील घरांत ऊर्जेचा मोठा वाटा खोल्या उबदार ठेवण्यात जातो, त्यामुळे महाग पण अधिक कार्यक्षम यंत्रणेचा खर्च तेथे इंधनाच्या बचतीतून भरून निघण्यास वाव असतो. तरीही ब्रिटिश सरकारला इंग्लंड व वेल्समधील घरमालकांना हीट पंपासाठी 2022पासून अनुदान द्यावे लागले आणि 2023मध्ये ते 7,500 पौंडांपर्यंत वाढवावे लागले. पनवेलमध्ये खोली तापवण्याचा प्रश्नच नाही. येथील घरगुती उष्णतेची गरज न्हाणीघरापुरती असून, एके काळी तांब्याचा बंब ती भागवत असे आणि आज विजेचा किंवा गॅसचा गिझर भागवतो. या गिझरच्या जागी महाग साधन बसवावे काय, याचा निर्णय विक्रेत्याच्या माहितीपत्रकावरून नव्हे, तर बादल्यांच्या हिशेबावरून व्हायला हवा.

एक लिटर पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते आणि विजेच्या एका युनिटमधून 860 किलोकॅलरी मिळतात. चार माणसांच्या कुटुंबात प्रत्येकी वीस लिटरची एक बादली, म्हणजे 80 लिटर पाणी, 25 अंशांवरून 40 अंशांपर्यंत तापवायचे असेल, तर 1,200 किलोकॅलरी, अर्थात सुमारे 1.4 युनिट वीज लागते. पनवेलमध्ये गरम पाण्याची गरज पावसाळ्यात व हिवाळ्यात मिळून वर्षाचे 240 दिवस पडते असे मानल्यास वार्षिक वापर सुमारे 336 युनिट होतो. महावितरणचा घरगुती दर 100, 300 आणि 500 युनिटांच्या टप्प्यांनी वाढत जातो, त्यामुळे वाचलेली वीज नेहमी सर्वांत महाग टप्प्यातून वजा होते. बचतीचे मोल ठरवताना बिलाची सरासरी न घेता या शेवटच्या टप्प्याचा दर घ्यावा लागतो. तो सर्व आकारांसह 12 रुपये धरला, तर आंघोळीच्या पाण्याचा वर्षाचा खर्च जेमतेम चार हजार रुपये येतो. बचतीची कमाल मर्यादाही तीच.

गिझरवरील ताऱ्यांविषयी बराच गैरसमज आढळतो. विजेची कॉइल जवळजवळ सगळ्या विजेची उष्णताच करते, मग गिझर एक तारा असो वा पाच. पाणी साठवणाऱ्या गिझरवरचे तारे दाखवतात ते टाकीत तापून राहिलेल्या पाण्यातून निसटणाऱ्या उष्णतेचे प्रमाण. गिझर दिवसभर चालू ठेवणाऱ्या घरात या ताऱ्यांना अर्थ आहे. आंघोळीपूर्वी दहा-पंधरा मिनिटे बटण दाबून नंतर बंद करणाऱ्या घरात तो फारसा उरत नाही.

हीट पंप हवेतील उष्णता ओढून पाण्यात सोडतो, म्हणजे फ्रिजचेच काम उलट्या हेतूने करतो, आणि एका युनिटमध्ये साधारण तीन युनिटांइतकी उष्णता देतो. त्यामुळे वरील कुटुंबाची दोन-तृतीयांश वीज, म्हणजे सुमारे 224 युनिट व 2,700 रुपये, दरवर्षी वाचतात. परंतु गिझरपेक्षा तो 60,000 रुपयांनी महाग पडला, तर ही रक्कम फिटण्यास 22 वर्षे लागतील आणि यंत्र तोवर टिकेल असे मानणे धाडसाचे आहे. सौर संचाची अडचण वेगळी. पनवेलमध्ये ऊन सर्वांत कडक पडते ते एप्रिल-मेमध्ये, जेव्हा गच्चीवरील टाकीचे पाणी आपोआपच तापलेले असते, आणि गरम पाणी हवे असते त्या पावसाळ्यात आभाळ दिवसेंदिवस झाकलेले राहते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे पाच महिनेच खऱ्या उपयोगाचे ठरतात. त्यात उंच इमारतीत गच्चीपासून खालच्या मजल्यापर्यंतच्या नळीतील थंड पाणी आधी वाहून जाते, आणि बोअरवेलच्या पाण्यातील क्षार नळ्यांत साचतात. पंतप्रधान सूर्यघर योजनेतील 78,000 रुपयांपर्यंतची मदतही वीज निर्माण करणाऱ्या पॅनेलना आहे, पाणी तापवणाऱ्या संचांना नाही.

याच यंत्रांचे गणित महामार्गालगतच्या हॉटेलात किंवा रुग्णालयात पूर्ण पालटते. तेथे रोज हजार लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांपर्यंत तापवायचे असल्यास सुमारे 41 युनिट लागतात, त्यांपैकी 27 युनिट हीट पंप वाचवतो, आणि हे वर्षाचे 365 दिवस घडत असल्याने त्याच 12 रुपये दराने बचत लाखाच्या वर जाते; अशा ठिकाणी पंप न बसवणे हाच तोटा.

घरापुरता विचार करायचा तर तुलना न्हाणीघराबाहेर नेली पाहिजे. पनवेलच्या दमट हवेत छताचा पंखा बंद राहतो असे दिवस थोडे. 75 वॉटच्या जुन्या पंख्याऐवजी 30 वॉटचा बीएलडीसी पंखा, म्हणजे विजेची गळती कमी करणारी ब्रशविरहित मोटर असलेला पंखा, रोज पंधरा तास याप्रमाणे वर्षातून 330 दिवस चालला, तर तो सुमारे 223 युनिट वाचवतो. ही बचत आंघोळीच्या पाण्यावर हीट पंपाने होणाऱ्या बचतीइतकीच आहे आणि असा पंखा तीन हजार रुपयांच्या आसपास मिळतो. चार माणसांच्या पनवेलकर कुटुंबाने म्हणूनच आधी पंखे बदलावेत. गिझर बिघडेपर्यंत आहे तोच ठेवावा आणि आंघोळ झाली की बंद करावा.