विश्लेषण : मालवणात कार डिटेलिंगचा धंदा सुरू करायचाय? आधी विहिरीचं पाणी आणि जुलैचा हप्ता मोजा

मे महिन्यात मालवणात गाडी लावायला जागा मिळत नाही. कोल्हापूरच्या एमएच ०९, पुण्याच्या एमएच १२, बेळगावच्या केए २२... तारकर्ली, देवबाग आणि चिवला बीचच्या रस्त्यांवर नुसत्या रांगा. त्या बघून गावातल्या अनेक तरुणांच्या मनात एकच हिशेब सुरू होतो. एवढ्या गाड्या आहेत, तर त्या चकाचक करून देण्याचा धंदा का नको?

धंदा होऊ शकतो. पण ज्या गाड्या बघून तो सुचतो, त्या तुमच्या गिऱ्हाइकाच्या नाहीत.

डिटेलिंग म्हणजे नक्की काय?

वॉशिंग सेंटरवर धूळ जाते. डिटेलिंगमध्ये रंगावर चिकटलेले कण क्ले बारने काढणं, पॉलिश, वॅक्स किंवा सिरॅमिक कोटिंग, सीट आणि कार्पेट आतून साफ करणं, इंजिनची जागा आणि गाडीचा तळ स्वच्छ करणं असं सगळं येतं. एका गाडीला अर्धा दिवस लागू शकतो, कधी दोन दिवस.

यात धोक्याचं काम पॉलिशचं. गाडीच्या रंगावर जो पारदर्शक थर असतो, तो साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षाही पातळ. प्रत्येक पॉलिशमध्ये त्यातला थोडा घासला जातो आणि तो परत येत नाही. नवशिक्याच्या हातात गोल फिरणारं रोटरी मशीन गेलं की बॉनेटच्या कडेचा रंग काही सेकंदांत जळतो आणि रंगकामाचा खर्च तुमच्या खिशातून जातो. त्यामुळे सुरुवात ड्युअल अॅक्शन पॉलिशरने करा आणि सराव भंगारातून आणलेल्या बॉनेटवर.

किनाऱ्यावर वेगळं काय?

खारी हवा. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी शोषून स्वतःच ओलं होतं. घरातल्या मिठाच्या बरणीत पावसाळ्यात जे होतं, तेच गाडीच्या तळाशी, दाराच्या खालच्या कडेला आणि चाकांच्या कमानीत होतं. पाऊस नसतानाही पत्रा ओलाच राहतो आणि गंज आतून धरतो. त्यात जांभ्याची लाल धूळ, पुळणीची वाळू, आंब्याचा चीक आणि पावसाळ्यात सीटवर धरणारी बुरशी. मासे नेणाऱ्या गाडीत बर्फाचं पाणी सांडलं असेल तर वासाबद्दल वेगळं सांगायला नको.

म्हणून माझ्या मते इथे पाटीवर ‘सिरॅमिक कोटिंग’ सगळ्यात शेवटी लिहावं. आधी तळाची धुलाई आणि अंतर्भागाची सफाई.

मग गिऱ्हाईक कोण?

पर्यटक दोन दिवसांसाठी आलेला असतो. तो फार तर वाळू झाडून घेईल, कोटिंग आपल्या शहरात करेल. बारमाही काम देतील ते एमएच ०७ वाले : टॅक्सीमालक, रिसॉर्टच्या गाड्या, बँकेतले आणि शाळेतले नोकरदार, जुन्या गाड्यांचे विक्रेते. गणपतीत येणारे चाकरमानी वेगळे. मुंबईहून चिखल तुडवत आलेली गाडी परतण्याआधी साफ हवी असते, पण ही गर्दी जेमतेम दोन आठवड्यांची.

पाण्याचं काय?

किनाऱ्याजवळच्या अनेक विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. अशा पाण्याने धुतलेली गाडी उन्हात वाळली की काचेवर आणि रंगावर पांढरे डाग उरतात. काहीशे रुपयांचा टीडीएस मीटर घेऊन पाणी फेब्रुवारीत नाही, मेमध्ये तपासा. मिनिटाला ६ ते ७ लिटर पाणी घेणारा प्रेशर वॉशर एका गाडीला १५ मिनिटं चालला तर साधारण १०० लिटर जातात. दिवसाला ६ गाड्या धरल्या तर हजार लिटरची टाकी पुरते.

वापरलेलं पाणी कुठे जाणार, हा प्रश्न इथे जास्त गंभीर आहे. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तेल आणि साबणाचं पाणी थेट गटारात किंवा खाडीत सोडू नका. गाळ आणि तेल अडवणारी कप्प्यांची टाकी बांधा. जागा भाड्याने घेण्याआधी ती सीआरझेडमध्ये येते का, हे नगरपरिषद किंवा ग्रामपंचायतीत विचारा. ओल्या फरशीवर विजेचं यंत्र चालणार आहे, त्यामुळे अर्थिंग आणि ईएलसीबीवर पैसे वाचवू नका.

पैसे कुठून आणि हप्ता किती?

केंद्राच्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात सेवा व्यवसायासाठी २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. सर्वसाधारण गटाला शहरात १५ टक्के आणि ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान आहे. महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी यांना २५ आणि ३५ टक्के. इथे एक गंमत आहे : मालवण नगरपरिषदेच्या हद्दीत तुम्ही ‘शहरी’, तर ग्रामपंचायत असलेल्या तारकर्लीत ‘ग्रामीण’. थोड्याच अंतरावर अनुदानात १० टक्क्यांचा फरक. आणि योजना नव्या व्यवसायालाच आहे, त्यामुळे आधी धंदा सुरू करून मग अर्ज करू नका. चौकशी ओरोसच्या जिल्हा उद्योग केंद्रात होते.

समजा, तारकर्लीत ३ लाखांचा प्रकल्प आहे. स्वतःचे ३० हजार, बँकेचे २ लाख ७० हजार. अनुदानाचे ७५ हजार बँकेत ३ वर्षं ठेव म्हणून राहतात आणि कर्जाच्या तेवढ्या भागावर व्याज लागत नाही. उरलेल्या १ लाख ९५ हजारांवर ११ टक्के व्याज आणि ५ वर्षं मुदत धरली तर हप्ता सुमारे ४,२०० रुपये. त्यात भाडं ५,०००, एका मदतनिसाचे १२,००० आणि वीजबिल १,५०० मिळवा. महिन्याला २२,७०० रुपये आधी निघायला हवेत, तुमचा पगार अजून धरलेलाच नाही.

साध्या धुलाईत गाडीमागे ३०० रुपये सुटत असतील तर महिन्याला ७६ गाड्या लागतील. जुलैच्या पावसात गाडी कोण धुवून घेणार? १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, जलक्रीडाही बंद, म्हणजे गावातच पैसा कमी फिरतो. पण बुरशी काढणं आणि तळाची सफाई यात १,१०० रुपये सुटत असतील तर २१ गाड्यांत खर्च निघतो. त्यासाठी छप्पर असलेली जागा हवी. भाडं थोडं जास्त गेलं तरी चालेल, उघड्या अंगणात मात्र हा धंदा वर्षातून आठच महिने चालेल.

कागदपत्रं कोणती?

उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवा व्यवसायाला सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. वीजजोडणी व्यावसायिक घ्या.

आणि एक कागद कोणी मागत नाही, तरी ठेवाच. गाडी ताब्यात घेतानाच तिच्याभोवती फिरून जुने ओरखडे आणि पोचे यांचे फोटो काढा आणि मालकासमोरच त्याला व्हॉट्सअॅपवर पाठवा.