घुर्यांच्या गावात मानवशास्त्राचे गैरसमज

बारावीनंतर मानवशास्त्र घ्यायचंय, असं मालवणातल्या एखाद्या मुलीनं घरी सांगितलं, तर पहिला प्रश्न ठरलेला: "ह्या शिकान करतलंस काय?" प्रश्न रास्त आहे, त्याच्याकडे येऊच. पण त्याच्या मागोमाग जी मतं येतात ती बहुतेक ऐकीव असतात. गंमत म्हणजे या विषयातलं भारतातलं एक मोठं नाव मालवणचंच आहे. गोविंद सदाशिव घुर्ये इथे १८९३ साली जन्मले. संस्कृतचा हा विद्यार्थी केंब्रिजला मानवशास्त्रज्ञ रिव्हर्स यांच्याकडे शिकला. रिव्हर्स १९२२ साली वारले, तेव्हा प्रबंध तिथल्याच हॅडन यांच्या मार्गदर्शनाखाली पुरा झाला. १९२४ पासून १९५९ पर्यंत मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग घुर्यांच्या हाती होता.

सगळ्यांत चिवट समज म्हणजे मानवशास्त्रात नाकं-डोकी मोजून कुठली जात कुठल्या वंशाची ते ठरवतात. हा समज हवेतून आलेला नाही. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ली नेमकं हेच करत होते. नाक जितकं रुंद तितकी जात खालची, असा त्यांचा सिद्धांत होता. तो खोडायला पुढे आले तेही मानवशास्त्रज्ञच, आणि त्यांत आपले घुर्ये होते. १९३२ च्या जातीवरच्या ग्रंथात त्यांनी मोजमापांचे तेच आकडे पुन्हा तपासले. उत्तरेतला काही भाग सोडला, तर नाकाचा आणि जातीच्या पायरीचा मेळ बसत नाही, असं त्यांनी दाखवलं. त्यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे यांची गोष्ट तर याहून धाडसाची. बर्लिनमध्ये वंशवादी मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांच्याकडे त्यांना कवट्यांचा अभ्यास मिळाला. कवटीच्या असमतोलाचा वंशाशी संबंध आढळत नाही, असा निष्कर्ष त्यांनी १९३० च्या सुमारास गुरूच्याच पुढ्यात मांडला. आजही शारीरिक मानवशास्त्र शरीराची मोजमापं घेतं, पण ती मुलांची वाढ, कुपोषण, सिकलसेलसारखे आजार समजून घेण्यासाठी.

दुसरा समज: हा विषय जंगलातल्या आदिवासींचा. एके काळी बऱ्याच अंशी तसं होतंही. पण इरावतीबाईंनी १९५३ च्या ग्रंथात भारतभरची नातेव्यवस्था मांडली आणि तिच्यात तुमच्या-आमच्या घरातली लग्नं आली. दक्षिणेत मामाची मुलगी आणि आत्याची मुलगी दोन्ही चालतात, उत्तरेत दोन्ही वर्ज्य. महाराष्ट्र मधला: अनेक जातींत मामाची मुलगी करतात, आत्याची टाळतात. लग्नाच्या बैठकीत "आमच्यात चालत नाही" असं म्हणून जे प्रकरण मिटतं, तिथून मानवशास्त्राचा अभ्यास सुरू होतो.

मालवणच्या किनाऱ्यावर तर विषय पावलोपावली पडले आहेत. रापण घ्या. होडीतून अर्धवर्तुळात जाळं टाकायचं, मग दोन्ही टोकांना माणसं लागून ते किनाऱ्याकडे ओढायचं. मासळीचे वाटे कसे पडतात? जाळ्याचा वाटा कुणाला, नुसत्या हातांचा किती? ओढायला न आलेल्याला काही मिळतं का? ही माहिती मत्स्य खात्याच्या आकडेवारीत सापडत नाही, आणि पर्ससीन जाळी व एलईडी दिव्यांच्या मासेमारीविरुद्ध इथला गाबीत समाज एवढा का पेटतो हे तिच्याशिवाय कळत नाही. १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं. मच्छीमारांनी त्याला वर्षानुवर्षं विरोध केला. प्रवाळाची नोंद घेणारा जीवशास्त्रज्ञ तिथे लागतोच. पण कुठल्या पाण्यावर कुणाचा रिवाज चालतो, हे चार महिने वाडीत राहून टिपणारं माणूसही लागतं. असं राहणं म्हणजेच फिल्डवर्क, आणि त्याशिवाय ही पदवी अर्धी. (खुद्द घुर्ये ग्रंथांत रमणारे होते, पण विद्यार्थ्यांना त्यांनी गावोगाव धाडलं.)

"म्हणजे अंधश्रद्धांची यादी करायची?" नाही. आचऱ्याची गावपळण पाहा. रामेश्वराचा कौल झाला की अख्खा गाव गुराढोरांसकट तीन दिवस वेशीबाहेर राहतो. तिथे भूत खरं की खोटं, हा वाद मानवशास्त्राचा विद्यार्थी घालत नाही. कौल कोण लावतं, मान कुणाचा, राहुट्या कुणाच्या शेजारी कुणाच्या पडतात, मुंबईकर चाकरमानी त्यासाठी रजा काढून का येतात, हे तो विचारतो. चेष्टा करणाऱ्याला आणि भारावून जाणाऱ्याला ते जमत नाही.

उत्खनन हे पुरातत्त्वाचं काम, असंही म्हणतात. खरं तर प्रागैतिहासिक माणूस दोन्ही विषयांत येतो. कुडोपीच्या सड्यावरची कातळशिल्पं, जी २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, ती दोघांनाही हवीत.

शाखेचा गोंधळ मात्र खरा आहे. दिल्ली विद्यापीठात हंसराजसारख्या महाविद्यालयात मानवशास्त्र बीएस्सीला आहे आणि बारावीला जीवशास्त्र लागतं. मुंबईत सेंट झेवियर्समध्ये समाजशास्त्र आणि मानवशास्त्राचा एकच विभाग आहे, कला शाखेत. इग्नूचाही पदवी अभ्यासक्रम आहे. सिंधुदुर्गात राहून शिकायचं असेल, तर इतिहास, समाजशास्त्र किंवा प्राणिशास्त्रात पदवी घेऊन पुणे विद्यापीठात मानवशास्त्राची पदव्युत्तर पदवी करता येते. माझ्या मते अनेकांसाठी हाच शहाणपणाचा मार्ग ठरेल.

आता नोकरी. नुसत्या पदवीवर मानवशास्त्रज्ञ म्हणून कुणी घेत नाही. तसं आश्वासन देणाऱ्या जाहिरातीपासून लांब राहा. पदव्युत्तर शिक्षणानंतर भारतीय मानवशास्त्रीय सर्वेक्षण (स्थापना १९४५, मुख्यालय कोलकाता, एक केंद्र नागपुरात), पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था, संग्रहालयं, आरोग्य संशोधन, प्रकल्पांच्या सामाजिक परिणामांचं मूल्यमापन अशा जागा आहेत. जागा मोजक्या आणि भरती अनियमित. संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत हा ५०० गुणांचा वैकल्पिक विषय आहे, म्हणून बरेच जण तो घेतात. पण तेवढ्यासाठी तीन-चार वर्षांची पदवी करायची गरज नाही. परीक्षेपुरता तो वर्षभरात तयार करणारे इंजिनिअर पुष्कळ आहेत. प्रवेश घेण्याआधी महाविद्यालयाला एवढंच विचारावं: अभ्यासक्रमात फिल्डवर्क किती आठवड्यांचं आहे, आणि मुलांना खरोखर कुठे नेता?