सेविकेची साक्ष

बालगृहांतील लेंकराचें मन दुखावलें, हें प्रथम कोणास कळतें? आठवड्यानें येणाऱ्या मनोवैद्यास नव्हे. रात्रीं उशाशीं बसणाऱ्या सेविकेस.

दुसऱ्या महायुद्धांत ॲना फ्रॉइड व डोरोथी बर्लिंगहॅम या मनोविश्लेषक विदुषींनीं लंडनच्या हॅम्पस्टेड भागांत, घरास अंतरलेल्या मुलांसाठीं, १९४५ पर्यंत संगोपनगृहें चालविलीं. तेथील सेविका मुलांचें खाणें, झोप, रडणें चिठ्ठ्यांवर टिपीत. त्यांवर सर्वजणी मिळून विचार करीत. चार-पांच मुलांमागें एक ‘आई’ नेमतांच मुलें प्रथम मत्सरानें भांडलीं. पण कांहीं आठवड्यांतच बोलण्यांत व देहधर्माच्या शिस्तींत झपाट्यानें पुढें गेलीं.

सेविकेच्या साक्षीवांचून केलेलें निदान अर्धें, आणि शास्त्राच्या आधारावांचून सेविका एकाकी. बालगृहास देणगी देतांना सुज्ञ वाचकांनीं एवढें अवश्य विचारावें: येथें वैद्य सेविकेचें म्हणणें ऐकतात काय?