थापाड्याची उलटतपासणी

व्हॅरिक टेथ्रास मेला. यात कुणाची गोष्ट फुटली असेल तर इलाज नाही. ‘ड्रॅगन एज: द व्हेलगार्ड’ ३१ ऑक्टोबर २०२४ ला आला, ज्यांना खेळायचा होता त्यांचा खेळून झालाय. आणि तो नुसता मेला असता तरी चाललं असतं. पहिल्याच प्रसंगात त्याचा जुना साथीदार सोलस त्याला सुरा खुपसतो. मग पुढे कितीतरी तास तो तळावरच्या खोलीत पट्ट्या बांधून पडलेला दिसतो, आपल्याशी गप्पा मारतो, सल्ले देतो. शेवटाकडे कळतं की तो तेव्हाच संपला होता आणि सोलसने रक्तजादूने आपल्याला भ्रमात ठेवलं होतं. ज्या बुटक्याने थेडस नावाच्या त्या आख्ख्या जगाला थापा मारल्या, तो दुसऱ्याच कुणाच्या थापेतलं पात्र होऊन गेला. त्याला घडवणारी लेखिका मेरी कर्बी हिला तर खेळ बनवणाऱ्या बायोवेअरने ऑगस्ट २०२३ मध्येच पन्नासेक जणांबरोबर नारळ दिला होता.

हे मला एवढं का लागलं, ते सांगायचं तर बनारसला जावं लागेल. थापेबाजीचं माझं सगळं शिक्षण तिथलं.

दुर्गाघाट, ब्रह्माघाट या पट्ट्यात मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आमच्या घरात आजोबांचे पोवाडे होते आणि गल्लीत देवकीनंदन खत्री. ‘चंद्रकांता’ हे त्यांचं पुस्तक बनारसचं; खत्रींनी चकिया आणि नौगढच्या जंगलांचे ठेके घेतले होते, तिथले पडके किल्ले पाहूनच त्यांना मायावी तिलिस्म सुचलं म्हणतात. १९९४ मध्ये दूरदर्शनवर मालिका आली तेव्हा गल्लीतला प्रत्येक पोरगा ऐयार, म्हणजे वेषांतर करणारा हेर, होता आणि प्रत्येकाच्या दप्तरात बेशुद्धीची पूड होती. खत्रींचा खरा नमुना मात्र भूतनाथ. स्वतःचा मागचा इतिहास झाकत फिरणारा हा ऐयार त्यांना एवढा आवडला, की त्याच्या चरित्राची वेगळी मालिकाच त्यांनी काढली. १९१३ मध्ये खत्री गेले. ती मालिका पुढे मुलाने, दुर्गाप्रसादने पुरी केली.

त्यानंतरची काही वर्षं कॉम्प्युटरवर मी जे खेळलो त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. राजा मेलेला, राक्षस जागा झालेला, आणि सुरुवातीला एक जाडा आवाज सगळं खरं खरं सांगणार. पुढे चला.

२००२ पासून २०१३ पर्यंतचं दशक मात्र कुणी माझ्याकडून काढून घेऊ शकत नाही. बीएचयूच्या सिंहद्वारासमोरच्या भागाला लंका म्हणतात. तिथल्या एका कॅफेत जनरेटर होता, म्हणून आमची गर्दी. घरी खेळायचं म्हणजे ऐन लढाईत वीज जायची आणि सेव्ह न केलेले दोन तास गंगार्पण. त्या कॅफेत ‘मॉरोविंड’ आला तेव्हा पोरांनी त्याला शिव्या घातल्या, कारण त्यात तलवार चिखलातल्या खेकड्याच्या आरपार जाताना डोळ्यांना दिसायची आणि खेळ म्हणायचा, वार चुकला. आत फासे पडत असायचे. ‘एवढं मारलं तरी लागत नाही’ म्हणून जे उठून काउंटर स्ट्राइककडे गेले, त्यांनी काय गमावलं ते त्यांना आजही माहीत नाही.

त्यांनी व्हिवेक गमावला. व्हिवेक म्हणजे जिवंतपणी देव झालेला कवी. त्याचा सेनानी नेरेव्हार कसा मेला, याच्या त्या खेळात तीन-चार कहाण्या आहेत. व्हिवेकचं मंदिर म्हणतं, लढाईतल्या जखमांनी. अ‍ॅशलँडर भटके म्हणतात, व्हिवेक आणि त्याच्या जोडीच्या देवांनीच त्याचा खून केला. आपण थेट व्हिवेकला जाऊन विचारावं तर तो आपली वेगळीच कहाणी शांतपणे ऐकवतो. आणि त्याच्या छत्तीस प्रवचनांची पुस्तकं जगभर विखुरलेली. त्यांतल्या एकात आकडे दिलेत. त्या आकड्यांच्या किल्लीने प्रवचनांतले शब्द वेचले की खुनाचा कबुलीजबाब हाती लागतो. खेळ हे कुठेही सांगत नाही, त्याबद्दल बक्षीस नाही, गुण नाहीत. देवाने खोटं बोलावं आणि त्या खोट्यातच खरं पुरून ठेवावं, हे मायकेल कर्कब्राइडने लिहिलं आणि कंपनीने छापू दिलं. आज अशा पुस्तकावर बैठक बसेल.

पुढच्याच वर्षी ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’. शाहजादा कड्यावरून पडून मेला की त्याचाच आवाज यायचा, छे छे, असं नव्हतं झालं. म्हणजे आपलं मरण ही सांगणाऱ्याची चूक! सगळा खेळ तो फराहला सांगत असतो, हे शेवटी उलगडतं. फराह हिंदुस्थानच्या महाराजाची मुलगी, आणि तिचा त्याच्या एका शब्दावर विश्वास बसत नाही. मग तिने आयुष्यात कुणालाच न सांगितलेला एक शब्द तो उच्चारतो: काकोलुकिया. आमच्या गल्लीत पंचतंत्रातलं काकोलूकीय घोकलेल्या पोरांनी तिथे एकमेकांकडे पाहिलं. त्या वर्षी एवढं पुरलं.

आता ‘ड्रॅगन एज २’. मार्च २०११. सत्यशोधक कॅसँड्रा पेंटाघास्ट व्हॅरिकला खुर्चीत ढकलते आणि खेळाचा नायक हॉक याची हकीकत विचारते. तो सुरू करतो. हॉक आणि भावंड डोंगरावर उभे, एकेका फटक्यात डार्कस्पॉन राक्षसांचे ढीग, बहिणीची छातीही जरा जास्तच उदार. वर शेवटी ड्रॅगन. कॅसँड्रा त्याला तिथेच तोडते, बकवास म्हणते. मग तोच डोंगर, तीच भावंडं, पण आता हातात साधी तलवार आणि दोन-तीन शत्रूंनीच नाकी नऊ आलेले. खेळाची पहिली दहा मिनिटं खोटी होती, आणि ती आपण स्वतःच्या हातांनी खेळलो होतो. मधल्या अंकात पुन्हा तेच. भावाच्या वाड्यात व्हॅरिक एकटा शिरतो, बियांका नावाच्या आडधनुष्याच्या एकेका बाणात माणसं उडवत जातो, आणि कॅसँड्रा पुन्हा त्याला जमिनीवर आणते.

याच खेळाला तेव्हा जगभर धोपटलं. छपरांवरून शत्रूंच्या लाटांवर लाटा उड्या मारतात, सुरी लागताच माणसाच्या चिंधड्या उडतात, आणि दर वेळी गुहा तीच. गुहांचं कारण सरळ आहे: हा खेळ जेमतेम दीड वर्षात उरकला होता. त्याचं मी समर्थन करणार नाही, जरी ‘व्हॅरिकला गुहांचं वर्णन करायचा कंटाळा होता’ हा चाहत्यांचा खुलासा मला फार आवडतो. लढायांच्या बाबतीत मात्र मी तेव्हाही भांडलो आणि आजही माझं म्हणणं तेच. अहो, ही लढाई तुम्हाला सांगतंय कोण? चिंधड्या थापाड्याच्या तोंडून उडताहेत. छपरावरून पडणारी ती तिसरी लाट म्हणजे गोष्ट रंगात आल्याची खूण आहे. समीक्षकांनी तिला डिझाइनचा दोष म्हटलं. त्यांनी आयुष्यात एकही पोवाडा ऐकला नसावा.

आम्ही ऐकले होते. १६७० च्या सिंहगडाची घोरपड बघा. सभासदाच्या बखरीत मावळे गडावर चढतात, घोरपड कुठेच नाही; पोवाड्यात मात्र यशवंती कमरेला दोर बांधून कडा चढते. गणेशोत्सवात शाहीर तिथे आला की आमचे आजोबा हसायचे आणि त्याच वेळी मांडीवर थापही मारायचे. पानिपताबद्दल तर विचारूच नका. शुजाच्या छावणीतला काशीराज पंडित म्हणतो, भाऊसाहेबांची शेवटची चिठ्ठी आपल्यालाच आली. हे त्याने लिहिलं सुमारे वीस वर्षांनी. आमच्याकडची कॅसँड्रा म्हणजे वि. का. राजवाडे. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढून त्यांनी अस्सल पत्रांचा गठ्ठा टेबलावर आपटला आणि बखरकारांची साक्ष फिरवली. म्हणून काय बखरी वाचायच्या राहिल्या? उलट ‘भाऊसाहेबांची बखर’ पत्रांशेजारी ठेवून वाचताना जास्त रंगते. कुठे फुगवलंय ते दिसतं, आणि तिथेच का फुगवलं तेही दिसायला लागतं.

खेळांनी हे दशकभर ओळखलं होतं. टेबलापलीकडे एक संशयी माणूस बसवायचा. याचा शेवटचा बहर २०१३ चा ‘कॉल ऑफ वारेझ: गनस्लिंगर’. तो जादूचा नाही, वेस्टर्न. १९१० साल, अ‍ॅबिलीनचा गुत्ता, म्हातारा सायलस ग्रीव्ह्ज फुकटच्या दारूवर आपले पराक्रम सांगतोय. श्रोत्याने हरकत घेतली की खेळ डोळ्यांसमोर बदलतो: आत्ताच गोळ्या घातलेले अपाची गायब, कारण म्हातारा म्हणतो, ‘अपाचींसारखे’ चालून आले असं म्हणालो होतो मी.

मग उतार. २०१५ च्या ‘विचर ३’मध्ये कवी डँडेलियन नायक गेराल्टच्या ओळखीपाळखीच्या माणसांवर नोंदी लिहितो, त्याही झकास, पण त्याला मध्येच तोडायला समोर कुणी नाही. २०२० मध्ये आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्सने ‘राजी’ काढला. चित्रं देखणी, भावाला शोधणारी पोर धीट, आणि निवेदनाला साक्षात दुर्गा आणि विष्णू. आता देवांची उलटतपासणी कोण घेणार? व्हिवेकचीही घ्यायला बंदी नव्हती, पण आपल्याकडे आज कुठल्या देवाच्या तोंडी थाप घालायची कुणाची छाती आहे, हेही मला कळतं. खेळणारेही बदलले. त्यांना हल्ली ‘अधिकृत’ काय ते हवं असतं, तारीखवार, एकच. व्हेलगार्डने त्यांना निदान फसवलं तरी, पण कसं? शेवटी एकदाच, पत्ता उलटा करून. थापेची गंमत मध्ये मध्ये हटकण्यात होती. इथे हटकायला संधीच नाही. जानेवारी २०२५ मध्ये बायोवेअरची मालक कंपनी ईएने जाहीर केलं की तिमाहीत सुमारे पंधरा लाखच खेळाडू मिळाले, अपेक्षेच्या जवळपास निम्मे. त्याच महिन्यात बायोवेअर आणखी आटलं.

लंकेवरचा तो कॅफे गेला, त्याचं दुःख नाही. त्याच्या खुर्च्या भयंकर होत्या. पण तिथल्या यंत्रात अडकलेल्या सेव्ह फाइलींमुळे आमच्या फुशारक्यांना मोकळं रान होतं. रात्री ड्रॅगन मारला म्हणणाऱ्या पोराकडे पुरावा नसायचा. मग त्याला प्रश्नांनी टोचावं लागे: कुठल्या बाजूने गेलास, औषधं किती उरली होती, शेपटीचा फटका बसला तेव्हा काय केलंस? तासाभरात ड्रॅगनची पाल व्हायची आणि गोष्ट सोन्यासारखी.

मागच्या खेपेला बनारसला अस्सी घाटावर दोन पोरं मोबाइलवर बीजीएमआय खेळत बसली होती. एक म्हणाला, सात मारले. दुसऱ्याने स्क्रीन त्याच्या नाकासमोर धरली: चार. पहिला गप्प, आणि दोघांनी पुढचा डाव लावला. कॅसँड्रा निदान पुढे काय झालं ते विचारायची.